भांगेचे रोप आणि वनस्पतींतील लिंगभेदाचा शोध : हस्तपरागणाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

प्रास्ताविक

वनस्पतींमध्येही नर आणि मादी असा भेद असतो आणि नराचा पराग मादीच्या कुक्षीवर पडल्याखेरीज सामान्यतः बी धरत नाही, ही गोष्ट आज माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. मात्र हे सत्य प्रयोगाने सिद्ध होण्यास सतरावे शतक संपत यावे लागले आणि ते सर्वमान्य होण्यास त्यानंतर आणखी दीडशे वर्षे लागली. या दीर्घ वादात ज्या वनस्पतींनी साक्ष दिली त्यांत तुती, एरंड, मका, पालक आणि खजूर यांची नावे विज्ञानेतिहासात आदराने घेतली जातात. त्याच मालिकेतील भांगेच्या रोपाचा उल्लेख मात्र ओझरता केला जातो. या रोपाभोवती पुढे जमा झालेले अमली पदार्थांचे, कायद्याचे आणि लोकापवादाचे वलय हे त्याचे एक कारण असावे.

प्रस्तुत निबंधात भांगेच्या रोपावर झालेल्या परागणविषयक प्रयोगांचा आणि निरीक्षणांचा १६९४ ते १९०४ या कालखंडातील इतिहास मांडण्याचा प्रयत्न केला आहे. त्या अनुषंगाने दोन प्रश्नांचा विचार केला आहे. पहिला असा की, एखादे ज्ञान शेतात वापरात असणे आणि ते शास्त्र म्हणून मान्य होणे यांत नेमके कोणते अंतर असते? दुसरा असा की, प्रयोगातून अपेक्षेविरुद्ध निष्पत्ती हाती आली असता शास्त्रज्ञांनी तिचे काय केले? महाराष्ट्राचा या विषयाशी प्रत्यक्ष संबंध आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातील अहमदनगर परिसरात गांजाची परवानाधारक लागवड होत असे आणि ती लागवड नर-मादी रोपांच्या अचूक ओळखीवरच अवलंबून होती.

संज्ञांविषयी थोडेसे

विषयप्रवेशापूर्वी संज्ञांचा घोळ दूर करणे आवश्यक आहे. ब्रिटिश अमदानीतील कागदपत्रांत ‘हेम्प’ हा शब्द अनेक वनस्पतींसाठी वापरलेला आढळतो. हिरवळीच्या खतासाठी पेरला जाणारा आपला ताग म्हणजे ‘सन हेम्प’ आणि अंबाडी म्हणजे ‘डेक्कन हेम्प’. या दोहोंचा भांगेशी वनस्पतिशास्त्रीय संबंध नाही. प्रस्तुत निबंधाचा विषय असलेली वनस्पती म्हणजे कॅनाबिस सटायव्हा. तिच्या पानांना भांग, मादी रोपाच्या राळयुक्त फुलोऱ्याला गांजा आणि त्यावरील राळेला चरस म्हणतात. युरोपात हीच वनस्पती प्रामुख्याने दोर, शिडाचे कापड आणि तेलबिया यांसाठी पिकविली जात असे.

ही वनस्पती विभक्तलिंगी आहे. म्हणजे नर फुले एका रोपावर आणि मादी फुले दुसऱ्या रोपावर येतात. परागाचे वहन वाऱ्याने होते. नर रोप उंच व सडपातळ असून पराग झडल्यावर लवकर पिवळे पडते. मादी रोप भरदार असून बी पक्व होईपर्यंत टिकते. वर्षभरात एक पिढी पूर्ण होते, रोप कुंडीतही वाढते आणि नर-मादी भेद फुलोरा येताच दिसू लागतो. लिंगभेदाच्या प्रयोगासाठी ही वनस्पती सोयीची ठरावी, हे यावरून सहज लक्षात येते. परंतु तिच्यात एक खोडही आहे. मादी रोपावर क्वचित एखादे-दुसरे नर फूल उमलते आणि ते सहजासहजी नजरेस पडत नाही. पुढील दोन शतकांच्या वादाचे बीज या एका खोडीत आहे.

प्राचीन पार्श्वभूमी : वापर होता, सिद्धांत नव्हता

हाताने परागण करण्याची रीत अतिप्राचीन आहे. इ. स. पू. १८ व्या शतकातील हम्मुराबीच्या संहितेत खजुराच्या बागेविषयी कलमे आहेत. मालकाने बाग परागणासाठी माळ्याच्या हवाली केली तर उत्पन्नाचे दोन भाग मालकाचे व एक भाग माळ्याचा, असे ६४ वे कलम सांगते. माळ्याने हे काम केले नाही आणि उत्पन्न घटले तर शेजारच्या बागेच्या मानाने त्याने भरपाई द्यावी, असे ६५ वे कलम सांगते. काम केले नाही तर पीक येत नाही, ही गोष्ट कायद्याने गृहीत धरावी इतकी ती सर्वपरिचित होती. ग्रीक विद्वान थिओफ्रॅस्टस याने इ. स. पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात नर खजुराची धूळ मादीच्या फळांवर झाडण्याच्या रीतीचे वर्णन केले. तथापि, त्यावरून सर्व वनस्पतींना लागू होईल असा लिंगभेदाचा सिद्धांत निघाला नाही.

भारतीय परंपरेतही ‘नर’ व ‘मादी’ या संज्ञा वनस्पतींना लावलेल्या आढळतात. चरकसंहितेच्या कल्पस्थानात कुटजाचे, म्हणजे कुड्याचे, पुरुष व स्त्री असे दोन प्रकार सांगितले आहेत. मोठी फळे व पांढरी फुले असणारा तो पुरुष आणि बारीक फळे व तांबूस-काळसर फुले असणारी ती स्त्री. दोन्ही प्रकारांना फळे येतात हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. हा भेद आकार, वर्ण आणि गुण यांवर आधारलेला आहे; प्रजननाशी त्याचा संबंध नाही. आधुनिक अभ्यासकांनी या दोन प्रकारांची ओळख पांढरा कुडा व काळा कुडा अशा दोन भिन्न वनस्पतींशी पटविली आहे. प्राचीनांना सारे काही माहीत होते, असा दावा करण्यापूर्वी अशा उल्लेखांचा नेमका अर्थ पाहणे इष्ट ठरते.

युरोपातील भांग-शेतकऱ्यांच्या भाषेतही याच प्रकारचा विपर्यास दिसतो. जर्मन बोलींत नर रोपाला ‘फिमेल’ म्हणत. हा शब्द लॅटिनमधील स्त्रीवाचक शब्दापासून आला आहे. उलट बी धरणाऱ्या मादी रोपाला पुरुषवाचक धातूपासून बनलेले ‘मास्टेल’ हे नाव होते. इंग्लंडच्या ग्रामीण भागातही बी देणारे दणकट रोप ‘कार्ल’, म्हणजे गडी, आणि नर रोप ‘फिंबल’, म्हणजे बाई, असाच उलटा प्रघात होता. जे धिप्पाड ते पुरुष आणि जे नाजूक ते स्त्री, ही समाजातील समजूत रोपांवर लादली गेली होती. असे असूनही दोन प्रकारची रोपे वेगळी ओळखणे, ती वेगवेगळ्या वेळी उपटणे आणि त्यांचा धागा वेगळा ठेवणे यांत शेतकरी कधी चुकत नसत. नाव चुकीचे असूनही व्यवहार बरोबर असू शकतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

कामेरारियूस आणि १६९४ चे पत्र

१६८२ मध्ये नीहेमाया ग्रू या इंग्रज शास्त्रज्ञाने पुंकेसर हे फुलातील नर इंद्रिय असावे, असा तर्क आपल्या ग्रंथात मांडला आणि त्याचे श्रेय काही अंशी टॉमस मिलिंग्टन यांच्याशी झालेल्या संभाषणास दिले. परंतु तो तर्कच होता. त्याला प्रयोगाचा आधार दिला तो जर्मनीतील ट्यूबिंगेन विद्यापीठातील प्राध्यापक रूडोल्फ याकोब कामेरारियूस (१६६५–१७२१) यांनी. २५ ऑगस्ट १६९४ रोजी त्यांनी गीसेन येथील प्राध्यापक वालेंटिनी यांना वनस्पतींच्या लिंगभेदाविषयी लॅटिन भाषेत एक विस्तृत पत्र लिहिले. आधुनिक वनस्पतिशास्त्रातील एक मूलभूत दस्तऐवज म्हणून ते ओळखले जाते.

कामेरारियूस यांची पद्धत वजाबाकीची होती. ज्याच्यावाचून बी धरत नाही ते इंद्रिय प्रजननास आवश्यक, असा त्यांचा युक्तिवाद होता. नर झाड जवळ नसलेल्या तुतीला फळे आली, पण आतील बिया पोकळ निघाल्या. एरंडाच्या झाडावरील नर कळ्या उमलण्यापूर्वीच खुडल्या तेव्हा बी धरले नाही. मक्याच्या कणसांचे तुरे कापले असता दाणे भरले नाहीत. मर्क्युरिॲलिस नावाच्या तणाची मादी रोपे कुंडीत लावून वेगळी ठेवली. त्यांच्या बिया सुकून गेल्या. या सर्व साक्षी एकाच निष्कर्षाकडे नेणाऱ्या होत्या.

भांगेने मात्र त्यांना चकविले. नर रोपे दूर करूनही उरलेल्या मादी रोपांवर काही सुपीक बिया धरल्या. हा निकाल त्यांच्या सिद्धांताला प्रतिकूल होता. तो वगळून उरलेल्या पाच-सहा अनुकूल प्रयोगांवर पत्र पूर्ण करणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी तसे केले नाही. ही अडचण त्यांनी पत्रात नोंदविली आणि तिचे समाधानकारक उत्तर आपल्यापाशी नसल्याचेही लपविले नाही. विज्ञानाच्या इतिहासात या प्रामाणिकपणाचे मोल प्रयोगाच्या यशाइतकेच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण ज्या अडचणीची नोंद होते तिचाच पुढील पिढ्यांना पाठपुरावा करता येतो.

लिनीअस यांच्या खिडकीतील दोन कुंड्या

स्वीडनमधील कार्ल लिनीअस यांनी वनस्पतींचे वर्गीकरणच पुंकेसर व स्त्रीकेसर यांच्या संख्येवर उभारले. त्यामुळे लिंगभेदाचा सिद्धांत खरा की खोटा, यावर त्यांची सारी पद्धती अवलंबून होती. सेंट पीटर्सबर्ग येथील योहान झीगेसबेक यांनी १७३७ मध्ये या वर्गीकरणावर अनैतिकतेचा आरोप केला. फुलांच्या संदर्भात विवाह, वर आणि वधू अशी भाषा वापरणे अनेकांना रुचले नव्हते. त्याच सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीने पुढे वनस्पतींतील लिंगभेदाच्या बाजूने व विरुद्ध नवे पुरावे मागवून पारितोषिक जाहीर केले आणि १७६० मध्ये ते लिनीअस यांच्या प्रबंधाला मिळाले, हा योगायोग बोलका आहे.

या प्रबंधातील भांगेचा प्रयोग साधेपणामुळे लक्षात राहतो. लिनीअस यांनी एप्रिल महिन्यात दोन कुंड्यांत भांगेचे बी पेरले. प्रत्येक कुंडीत तीस-चाळीस रोपे उगवली. दोन्ही कुंड्या खिडकीच्या उजेडात, पण एकमेकींपासून दूर असलेल्या वेगवेगळ्या दालनांत ठेवल्या. एका कुंडीत नर व मादी रोपे एकत्र राहू दिली. तेथे नरांचा पराग झडताच मादी फुलांच्या कुक्षी कोमेजल्या आणि जुलैत बी पक्व झाले. दुसऱ्या कुंडीतील नर रोपे ओळखू येताच काढून टाकली. तेथील मादी फुलांच्या कुक्षी दीर्घकाळ हिरव्या व टवटवीत राहिल्या. अखेरीस ती रोपे जून होऊन सुकली तेव्हा प्रत्येक फुलाचे आवरण उघडून पाहिले असता आत चपटी, तपकिरी व कोरडी झालेली बीजांडे आढळली; बी एकही नव्हते.

या प्रयोगाचे महत्त्व तीन बाबतींत आहे. पहिली बाब तुलनेची. एकाच वेळी पेरलेल्या, सारख्याच स्थितीत वाढलेल्या दोन गटांत फक्त एक गोष्ट वेगळी ठेवली होती. दुसरी बाब स्थळाची. बागेऐवजी घरातील दालने निवडल्यामुळे वाऱ्याने येणाऱ्या परागाचा अडसर बऱ्याच अंशी दूर झाला. कामेरारियूस यांना जे साधले नव्हते ते बंद खिडकीने साधून दिले. तिसरी बाब निरीक्षणाची. परागण न झालेली कुक्षी अधिक काळ ताजी राहते, हे त्यांनी टिपले. मादी फुलोरा बी न धरता अधिक काळ वाढत राहतो, याच गुणावर बंगाल व दख्खनमधील गांजाची शेती उभी होती. लिनीअस यांना त्याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

याच प्रबंधात लिनीअस यांनी हस्तपरागणाचेही दाखले दिले आहेत. एका वनस्पतीचा पराग काही आठवडे कागदात जपून ठेवून नंतर तो निवडक मादी फुलांवर शिंपडला असता तेवढ्याच फुलांना फळे धरली. त्यापूर्वी १७४९ मध्ये बर्लिन येथे ग्लेडिच यांनी वर्षानुवर्षे वांझ असलेल्या मादी ताडवर्गीय झाडासाठी लाइप्झिगहून नर फुलोरा मागविला होता आणि त्याच्या परागाने त्या झाडाला फळे आली होती. नराचा अभाव आणि नराचा पुरवठा अशा दोन्ही बाजूंनी पुरावा पूर्ण होत चालला होता.

स्पालान्त्सानी यांचा आक्षेप

तथापि वाद मिटला नाही. इटलीतील लाझारो स्पालान्त्सानी हे त्या काळातील अत्यंत काटेकोर प्रयोगकर्ते. प्राण्यांतील फलनावरचे त्यांचे काम सुप्रसिद्ध आहे. १७८० च्या सुमारास त्यांनी वनस्पतींकडे लक्ष वळविले आणि त्यांत भांगेचाही समावेश होता. मादी रोपे अलग ठेवूनही त्यांना सुपीक बिया मिळाल्या. यावरून निदान काही वनस्पतींत परागावाचून बी धरते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. एवढ्या अधिकारी व्यक्तीचे मत म्हणून त्याला वजन प्राप्त झाले. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी जर्मनीत शेल्व्हर व हेन्शेल यांनी तर वनस्पतींत लिंगभेद मुळी नाहीच, अशी भूमिका घेतली.

येथे भांगेच्या त्या खोडीकडे पुन्हा वळावे लागते. मादी रोपावर दडलेले एखादे नर फूल किंवा दुरून वाऱ्याने आलेला सूक्ष्म पराग मूठभर बियांना पुरेसा असतो. ‘अलग ठेवणे’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक प्रयोगकर्त्याने आपल्यापुरता लावला होता. नराचे रोप दूर केले म्हणजे नराचा पराग दूर झाला, हे गृहीतच सदोष होते. ते दूर होण्यासाठी प्रत्येक फूल तपासण्याची आणि परागाचा मार्ग निश्चितपणे बंद करण्याची शिस्त रुजावी लागली.

ती शिस्त मुख्यतः संकरप्रयोगांतून आली. योझेफ कोलरॉइटर यांनी १७६१ पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या अहवालांत तंबाखूच्या दोन जातींच्या संकराचे वर्णन केले. एका जातीचा पराग दुसऱ्या जातीच्या कुक्षीवर हाताने ठेवल्यावर निपजलेले रोप दोहोंच्या मधले होते. पराग केवळ उत्तेजक असता तर संततीत पित्याचे गुण उतरले नसते. कार्ल फ्रीड्रिख फॉन गेर्टनर यांनी पुढे सुमारे १०,००० संकरप्रयोग केले व १८४९ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रेगोर मेंडेल यांनी ब्रून येथील मठाच्या बागेत वाटाण्याच्या कळ्यांतील पुंकेसर काढून हाताने पराग ठेवला. त्यांचा निबंध १८६६ मध्ये छापला गेला. १८८४ मध्ये श्ट्रासबुर्गर यांनी सपुष्प वनस्पतींत नर व मादी केंद्रकांचे मीलन सूक्ष्मदर्शकातून दाखविले आणि मूळ वाद संपुष्टात आला.

नवगाव, अहमदनगर आणि ‘गांजाचा वैद्य’

युरोपातील विद्वान बी कशाने धरते याची चर्चा करीत होते. त्याच काळात भारतातील गांजा पिकविणारा शेतकरी ते बी धरू नये यासाठी झटत होता. परागण झाले की मादी रोपाची शक्ती बी पोसण्यात खर्च होते, राळ कमी राहते आणि मालाचा दर्जा उतरतो. म्हणून नर रोपे फुलण्यापूर्वीच शेतातून काढली जात. बंगालमधील राजशाही जिल्ह्यातील नवगाव परिसर, मध्य प्रांतातील खांडवा आणि मुंबई इलाख्यातील अहमदनगर ही या लागवडीची प्रमुख केंद्रे होती.

नवगाव परिसरात या कामासाठी खास जाणकार बोलावला जाई. त्याला ‘पोद्दार’ म्हणत. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याला ‘गांजाचा वैद्य’ हे नाव दिले. तो शेतातून चालत जाऊन रोपाच्या बारीक लक्षणांवरून नर ओळखी आणि तो मोडून टाकी. मागून शेतकरी मोडलेली रोपे उपटून नेत. ही फेरी एकदाच होत नसे. उशिरा प्रकट होणारे नर टिपण्यासाठी ती पुन्हापुन्हा करावी लागे. शेतात थोडे जरी नर राहिले तरी आसपासचे पीक बिघडते, हे सर्वांनाच ठाऊक होते.

या ज्ञानाची सविस्तर नोंद होण्यास राजकीय कारण घडले. २ मार्च १८९३ रोजी ब्रिटिश संसदेत डब्ल्यू. एस. केन यांनी भारतातील गांजा-भांगेच्या वापराविषयी प्रश्न उपस्थित केला. त्यातून जुलै १८९३ मध्ये भारत सरकारने डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाने १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवून घेतले आणि १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल सादर केला. मर्यादित सेवनाचे दुष्परिणाम फारसे नाहीत, सरसकट बंदीची आवश्यकता नाही आणि परवाना व कर यांद्वारे नियंत्रण ठेवावे, असा त्याचा सूर होता. या निष्कर्षामागे महसुलाचा विचार किती आणि पुराव्याचा किती, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. मात्र लागवडीच्या पद्धती, नर रोपांची निवड आणि परसातील तुरळक लागवड यांविषयी या खंडांत आलेली माहिती इतिहासाच्या अभ्यासकाला अन्यत्र क्वचितच मिळेल.

१८९३ मध्ये कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातील डेव्हिड प्रेन (१८५७–१९४४) यांचा बंगालमधील गांजाच्या लागवडीवरील अहवाल प्रसिद्ध झाला. प्रेन यांनी हा विषय सोडला नाही. १९०४ मध्ये त्यांनी भांगेच्या फुलांची रचना, त्यांतील विकृती आणि त्यांची एकलिंगता यांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. कामेरारियूस यांना १६९४ मध्ये सतावणारा प्रश्न फुलांच्या रचनेचा होता. २१० वर्षांनंतर तो त्याच भूमीवर येऊन पोहोचला. मात्र या वेळी निरीक्षकासमोर बंगालची शेते आणि पोद्दारांची फेरी होती. पोद्दार पुन्हापुन्हा शेतात का जात आणि इतके करूनही गांजात थोड्या बिया का सापडत, या दोन्ही गोष्टींचा उलगडा फुलांच्या याच लवचीकपणातून होतो.

ज्ञान कोणाचे? श्रेय कोणाचे?

लिनीअस यांचे नाव प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. प्रेन पुढे क्यू येथील राजोद्यानाचे संचालक झाले. नवगावच्या एकाही पोद्दाराचे नाव वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात आढळत नाही. याची तुलना व्हॅनिलाच्या इतिहासाशी करता येते. बेल्जियममधील प्राध्यापक शार्ल मोरेन यांनी १८३६ मध्ये व्हॅनिलाचे हस्तपरागण साधले होते. पण मळ्यांत वापरता येईल अशी झटपट रीत १८४१ मध्ये रीयुनियन बेटावरील एदमों अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. जगभरचा व्हॅनिलाचा व्यापार त्या रीतीवर वाढला. १८४८ मध्ये तो मुक्त झाला, तरी १८८० मध्ये त्याचा मृत्यू दारिद्र्यातच झाला.

महाराष्ट्रालाही हा प्रश्न परका नाही. १९७० मध्ये सुरत येथे सी. टी. पटेल यांनी विकसित केलेला ‘संकर-४’ हा व्यापारी तत्त्वावर पिकविला गेलेला जगातील पहिला कापूस-संकर होय. त्याचे बियाणे तयार करताना प्रत्येक कळीतील पुंकेसर हाताने काढावे लागतात आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाणाचा पराग हाताने लावावा लागतो. विदर्भ-मराठवाड्यातील कापूस ज्या बियाण्यावर उभा राहिला ते बियाणे हजारो स्त्रियांच्या व दुर्दैवाने अनेक बालमजुरांच्याही बोटांनी तयार केले. त्या कौशल्याची मजुरी दिली गेली. ज्ञान म्हणून त्याची नोंद झाली नाही.

तथापि एक सावधगिरी बाळगली पाहिजे. पोद्दाराचे कौशल्य आणि लिनीअस यांचा प्रयोग यांना एकाच मापाने मोजणे योग्य ठरणार नाही. पोद्दाराला नर ओळखता येत होता. परंतु नर काढल्याने असे का होते आणि हेच तत्त्व आंब्याला किंवा मक्याला लागू आहे का, हा प्रश्न विचारण्याचे त्याला प्रयोजन नव्हते. लिनीअस यांनी तो प्रश्न विचारला, तुलना केली आणि निकाल इतरांना पडताळता येईल अशा रीतीने लिहून ठेवला. सामान्यीकरण, पडताळणी आणि नोंद ही शास्त्राची अंगे होत. शेतकऱ्याच्या ज्ञानाचा गौरव करण्यासाठी त्यालाच शास्त्र म्हणण्याची गरज नाही. त्याच्यावाचून शास्त्राला पुरावा मिळाला नसता, एवढे म्हणणे पुरेसे व सत्य आहे.

विसाव्या शतकातील स्थित्यंतर

विसाव्या शतकात भांगेचे रोप प्रयोगशाळेपेक्षा न्यायालयाचा विषय अधिक झाले. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातील २८ व्या अनुच्छेदाने धागा व बी यांसाठीच्या औद्योगिक लागवडीला निर्बंधांतून वगळले. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक अधिनियमाने या रोपाची विनापरवाना लागवड हा गुन्हा ठरविला. त्याच अधिनियमातील गांजाच्या व्याख्येतून, फुलोऱ्यासोबत नसलेली पाने व बी वगळले आहेत. म्हणजे बी हाती असणे आणि ते पेरणे यांत कायद्याने अंतर राखले आहे. धागा व बी यांसाठी शासन परवानगी देऊ शकते आणि उत्तराखंडाने २०१८ मध्ये त्या दिशेने पाऊल टाकले. परदेशात १९७० च्या दशकात अमेरिकेतील लागवड करणाऱ्यांनी बीविरहित फुलोऱ्याची रीत स्वीकारली आणि तिला स्पॅनिश नाव दिले. नवगावच्या व अहमदनगरच्या शेतकऱ्यांना ती रीत शंभर वर्षे आधी अवगत होती, याचे स्मरण तेथे क्वचितच ठेवले गेले. कॅनडाने २०१८ मध्ये व जर्मनीने २०२४ मध्ये प्रौढ व्यक्तीला घरी मोजकी रोपे लावण्याची मुभा दिली. कुंडीतील रोप खिडकीत ठेवण्याची लिनीअस यांची कृती अशा रीतीने एका देशात निरुपद्रवी आणि दुसऱ्या देशात दंडनीय ठरते. बंदी असावी की नसावी, हा प्रस्तुत निबंधाचा विषय नाही. परंतु बंदीमुळे स्थानिक वाण व त्यांविषयीचे तोंडी ज्ञान लोप पावते आणि इतिहासकाराच्या हाती केवळ अबकारी खात्याचे कागद उरतात, ही वस्तुस्थिती आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. वनस्पतींतील लिंगभेदाच्या सिद्धांताला भांगेच्या रोपाने १७६० मध्ये सबळ आधार दिला, तसेच १६९४ मध्ये व १७८० च्या सुमारास सबळ आव्हानही दिले. एकच वनस्पती दोन्ही पक्षांची साक्षीदार ठरली.

२. या विसंगतीचे मूळ वनस्पतीच्या लिंगविषयक लवचीकपणात आणि ‘अलगीकरण’ या संकल्पनेच्या सैलपणात होते. प्रतिकूल निकाल प्रामाणिकपणे नोंदविले गेल्यामुळेच प्रयोगाची शिस्त कडक होत गेली.

३. नर-मादी रोपांची व्यावहारिक ओळख युरोपातील व भारतातील शेतकऱ्यांना शास्त्रीय सिद्धतेवर अवलंबून न राहता होती. युरोपात नावे उलटी असूनही व्यवहार अचूक होता.

४. भारतीय गांजा-शेतीतील ज्ञान शास्त्रीय साहित्यात पोहोचले ते महसूल आणि चौकशी आयोग यांच्या मार्गाने. त्यामुळे ज्ञानाची नोंद झाली, ज्ञात्याची झाली नाही.

अहमदनगर जिल्ह्यातील गांजाच्या परवानाधारक लागवडीचा स्थानिक इतिहास मराठीत अद्याप यथायोग्य लिहिला जाणे बाकी आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी अधिनियमाखालील परवाने, आयोगाच्या खंडांतील मुंबई इलाख्याच्या साक्षी आणि महसुली दप्तरे यांचा एकत्रित अभ्यास झाल्यास दख्खनच्या शेतकऱ्याने या रोपाविषयी काय जाणले होते, हे त्याच्याच प्रदेशाच्या संदर्भात सांगता येईल. इतिहास व वनस्पतिशास्त्र या दोन्ही विभागांतील अध्यापकांनी मिळून हाती घ्यावा, असा हा विषय आहे.